पावडर ब्लू पिसाळलाय, की टाकीत काही बदललंय?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात ४ फुटी, साधारण ३५० लिटरची, समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. त्यात ऑसेलारिस क्लाउनची दोन वर्षांची जोडी, १४ महिन्यांपूर्वी आणलेला पावडर ब्लू टँग, एक फायरफिश आणि सात ग्रीन क्रोमिसांपैकी उरलेले चार. आजवर सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. गेल्या आठ दिवसांपासून पावडर ब्लू दिसेल त्याच्या अंगावर धावतोय. फायरफिश ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी खाली वाहून नेणाऱ्या कप्प्याच्या) मागे दडून बसलाय. एका क्रोमिसची शेपटी फाटलीय, दुसरा रातोरात गायब झालाय. मोठी क्लाउन हात घातला की कडाडून चावते. टँग दुकानात परत द्यावा का? शेवटी एक ओळ अशी: 'गणपतीला सात दिवस गावी गेलो होतो. जाण्याआधी टाकी मस्त चकाचक केली होती, मधले दोन दगडही सरकवले. शेजारच्या काकू एक दिवसाआड चिमूटभर दाणे टाकत होत्या.'

नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती शेवटची. बाकीचं सगळं तिच्यातूनच निघालंय असं माझं मत आहे. मासा एका रात्रीत स्वभाव बदलत नाही, टाकीत काहीतरी बदलतं. ते मागच्या पंधरा-वीस दिवसांतच सापडतं, आणि बहुतेक वेळा आपण स्वतःच्या हातानेच केलेलं असतं. गेली बावीस वर्षं लोकांच्या टाक्या सांभाळतोय, त्यातली अर्धी 'अचानक' प्रकरणं कुठल्या तरी सणाच्या साफसफाईनंतरची आहेत.

पण आधी एक खबरदारी. आजारी मासाही चिडतो, आणि पावडर ब्लूला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे इक, इतर माशांच्या आधी धरतो. सकाळी दिवे लावल्यावर पाच मिनिटं काचेजवळ नुसते उभे राहा. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात का, तो दगडाला अंग घासतोय का, कल्ले नेहमीपेक्षा भरभर हलताहेत का, हे बघा. अमोनिया तपासा, तो शून्यच हवा. पाण्याचा खारटपणा (विशिष्ट घनता) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश आहे ना, ते बघा. तुम्ही नव्हतात तेव्हा वीज गेली होती का, हेही काकूंना विचारा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांशाने कमी विरघळतो, त्यामुळे चार तास पंप बंद राहिले तर मासे मेले नाहीत तरी घायकुतीला येतात. यातलं काही सापडलं तर भांडणाचा विषय बाजूला ठेवून आधी ते निस्तरा. आणि घाबरून मुख्य टाकीत तांब्याचं औषध कृपा करून ओतू नका. कोळंब्या, गोगलगायी आणि दगडांतला सगळा बारीक जीव त्यात मरतो.

हे सगळं ठीक असेल, आणि तुमच्या वर्णनावरून ते तसंच वाटतंय, तर पुढे वाचा.

तुमच्या टाकीत एक नाही, दोन भांडणं चालू आहेत. पावडर ब्लूचं वेगळं आणि क्लाउनचं वेगळं. दोन्हींची कारणं निराळी, उपायही निराळे. तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलीत म्हणून टाकी पिसाळल्यासारखी वाटतेय.

पावडर ब्लूचं भांडण म्हणजे सरळसरळ बांधाचं भांडण आहे. हा मासा हिंदी महासागरातला, आपल्याकडे लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळात सापडणारा. त्याचं पोट दगडावरच्या शेवाळावर चालतं. आपल्याला जी घाण दिसते ते त्याचं शेत असतं. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटांवर १९७० च्या दशकात अभ्यासकांनी याच जातीला चरण्याच्या जागा राखताना पाहिलंय. आपल्या तुकड्यावर दुसरा शेवाळखाऊ आला की हाकलायचा, हा त्याचा मूळ धर्म. तुमच्या टाकीत १४ महिने त्याचं शेत पिकत होतं, कडा ठरलेल्या होत्या, कुठल्या फटीत झोपायचं ते ठरलेलं होतं. तुम्ही एका दुपारी उभं पीक कापून नेलंत, बांध हलवलात आणि वर सात दिवस अर्धपोटी ठेवलंत. परत आल्यावर तो काय करणार? जे उरलंय ते दातओठ खाऊन राखणार.

यात काकूंची काहीच चूक नाही बरं. त्यांनी सांगितलं तसंच केलं. क्लाउनला एक दिवसाआड चिमूटभर दाणे चालून जातात. टँगचं तसं नाही. तो दिवसभर टोचत फिरणारा प्राणी आहे, एकदम खाऊन दोन दिवस बसणारा नाही. त्याला वरून बघा. डोळ्यांमागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं दिसायला हवं. तिथे खड्डा असेल किंवा पोटाची बाजू आत गेलेली असेल, तर भूक हे तुमचं पहिलं कारण.

तो खरंच मारतोय की नुसता दम देतोय, हे ओळखायला शिका, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. दम देताना तो समोर येऊन आडवा होतो. पाठीवरचा पिवळा पर ताठ उभा करतो, अंग धनुष्यासारखं वळवतो आणि शेपटी दुसऱ्याच्या दिशेने करतो. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खाचेत मिटलेलं एकेक पातं असतं. या कुळाला सर्जनफिश म्हणतात ते त्यावरूनच, पण मला तो न्हाव्याचा वस्तरा वाटतो: मिटलेला असतो तोवर दिसत नाही. दुसरा मासा बाजूला झाला की तो पर खाली करून चरायला जातो. इतकंच होत असेल तर घाबरू नका, दिवसातून दहा वेळा झालं तरी चालेल. पण दुसरा पळाल्यावरही तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठलाग करत असेल, किंवा दुसऱ्याच्या अंगावर सुरीने ओढल्यासारखी सरळ, पांढरी रेघ दिसत असेल, तर वस्तरा चाललेला आहे. मग थांबायचं नाही.

आता करायचं काय. आजपासून नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे, लावा. सुशीसाठी मिळते तीच, मात्र साधी. मीठ-तेल-मसाला लावलेली नको. तळहाताएवढे दोन तुकडे, दोन क्लिपांना, टाकीच्या दोन विरुद्ध टोकांना. एकाच ठिकाणी लावलीत तर तो तिथे पहारेकरी बनून बसेल. संपली की पुन्हा लावा, रात्री उरलेली काढून टाका. दाणे आणि गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे. आठवडाभर स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) जरा जास्त चिखल काढेल, काढू दे. पाठीमागच्या काचेवरचं शेवाळ यापुढे खरवडू नका, ते त्याला ठेवा. समोरची काच तुमची, मागची त्याची. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं चार-पाच दिवसांत एवढ्यावरच निवळतात.

तुम्हाला सगळीकडे 'दगडांची मांडणी बदला' असा सल्ला मिळेल. नवीन मासा सोडताना तो चांगला आहे. सगळ्यांच्या हद्दी एकदम पुसल्या जातात आणि नव्या-जुन्यांना सारखीच सुरुवात मिळते. पण तुमच्याकडे मांडणी बदलल्यानेच बिनसलंय, आणखी ढवळून काय होणार? दगड सरकवण्याआधीचा फोटो मोबाइलमध्ये असेलच. तो बघून ते दोन दगड शक्य तितके पूर्वीच्या जागी ठेवा. एकदाच करा, आणि मग महिनाभर हात लावू नका.

आठवडाभरात उतार पडला नाही, किंवा वस्तरा चाललेला दिसला, तर त्याला तुरुंगात टाका. मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला. लोक नेमकं उलटं करतात. फायरफिशला काढून डब्यात ठेवतात, चार दिवसांनी परत सोडतात, तेव्हा तो पुन्हा नवखा ठरलेला असतो आणि पहिल्यापेक्षा जास्त मार खातो. टँग चार दिवस आत राहिला की बाकीचे मोकळे फिरतात, आपापल्या जागा धरतात. बाहेर आल्यावर उशिरा येणारा तो ठरतो. भोकं पाडलेला पारदर्शक अॅक्रिलिकचा डबा घ्या किंवा टाकीचा एक कोपरा प्लास्टिकच्या एग क्रेट जाळीने अडवा. पावडर ब्लूला जागा जास्त लागते, म्हणून मी कोपराच अडवतो. आत नोरी आणि आडोशाला पाइपाचा तुकडा ठेवा. चार दिवस पुरे, त्याहून जास्त ठेवलात तर तो कुढतो आणि कुढला की इक ठरलेला.

पकडायचा मात्र जाळीने नाही. जाळी घेऊन मागे लागलात तर दगड कोसळतील, आणि सापडला तरी वस्तरा जाळीत अडकून शेपटी फाटेल. मी स्वतः एकदा हे करून बसलोय. मासा जाळीत गुरफटला होता आणि मी एका हाताने जाळी धरून दुसऱ्या हाताने कात्रीने एकेक दोरा कापत होतो. त्याचा वस्तरा माझ्या अंगठ्यालाही लागला, आणि अंगठा तीन दिवस वांग्यासारखा सुजलेला होता. त्यापेक्षा पारदर्शक डबा उघडा, आडवा ठेवून त्यात नोरी लावा. दोन दिवस त्याला आत जाऊन खाऊ द्या, काहीच करू नका. तिसऱ्या दिवशी झाकण लावा. हातमोजे घाला.

आरशाचा उपाय कोणीतरी सुचवेलच. काचेला बाहेरून वीतभर आरसा चिकटवायचा, म्हणजे तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि बाकीच्यांना उसंत मिळते. टँगवर चालतो, पण सकाळ-संध्याकाळ वीसेक मिनिटं, फायरफिश लपलाय त्याच्या दुसऱ्या टोकाला. दिवसभर लावून ठेवलेला आरसा मी पाहिलाय. तो मासा खाणंपिणं सोडून काचेला नाक घासत होता.

आता क्लाउन. इथे मला जवळजवळ खात्री आहे की तुम्हाला गोड बातमी आहे. मोठी असते ती मादी. क्लाउन जन्मतः सगळे नर. जोडीतला वरचढ वाढतो आणि मादी होतो. दोन वर्षांची, जमलेली जोडी, आणि मादी अचानक हाताला चावायला लागली की मी आधी अंडी शोधतो. ती दोघं जिथे झोपतात तिथून वीतभर अंतरावर टॉर्च मारा: दगडाची गुळगुळीत बाजू, पंपाचं बूड, एखादी उभी काच. रुपयाच्या नाण्याएवढा किंवा थोडा मोठा, नारिंगी दाण्यांचा पट्टा दिसेल. दोन-चार दिवस जुना असेल तर तपकिरी, आणि फुटायला आला की प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी ठिपके, ते पिल्लांचे डोळे. धाकटा नर त्यावर वाकून छातीच्या परांनी वारा घालत असेल, मधूनच तोंडाने एखादा खराब दाणा वेचून काढत असेल. ती पहाऱ्यावर असते. साधारण ६ ते १० दिवसांत, दिवे मालवल्यानंतर अंडी फुटतात आणि ती शांत होते. मग पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

यावर उपाय करायचा नसतो, सोय करायची असते. त्या बाजूची साफसफाई अंडी फुटल्यानंतर करा, एरवी लांब चिमटा वापरा. हात घालावाच लागला तर दुसऱ्या हाताने प्लास्टिकचं झाकण ढालीसारखं मधे धरा. चावा लागतो त्यापेक्षा दचकायला जास्त होतं, आणि दचकून कोपर आपटून काच तडकवलेले गृहस्थ मला माहीत आहेत. जोडी तोडू नका. पिल्लं मुख्य टाकीत जगत नाहीत, रात्रीत खाल्ली जातात किंवा ओव्हरफ्लोतून जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वाढवायची हौस असेल तर ते वेगळं शास्त्र आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनचं प्रजनन कधीच बसवलंय, अशक्य नाही, पण त्यासाठी आधी रोटिफर, म्हणजे पिल्लांना खायला लागणारे अतिसूक्ष्म जीव, वाढवायला शिकावं लागतं.

तिचा पहारा आणि टँगचं शेत एकमेकांना लागून असतील तर मात्र दोन्ही भांडणं एकमेकांना तेल घालतात. ती टँगला हाकलते, तो चवताळून क्रोमिसवर काढतो. सरकवलेले दगड परत ठेवताना एखादा असा ठेवा की तिच्या अंड्यांच्या जागेवरून टँगची झोपायची फट दिसणार नाही. नजरेआड झालं की निम्मं वैर संपतं.

क्रोमिसांचं ऐका. सातांचे चार झाले ते टँगमुळे नाही. दुकानात थवा सुंदर दिसतो म्हणून आपण सात आणतो, आणि लहान टाकीत ते एकमेकांनाच खालून वर छळत एकेक कमी करत जातात. हे इतकं ठरलेलं आहे की मी आता गिऱ्हाइकाला क्रोमिसचा थवा देतच नाही. फाटलेली शेपटी त्यांच्यातल्याच दादाची करामत असू शकते. पण उरलेल्यांपैकी कोणाच्या कुशीवर लाल, सोललेल्यासारखा डाग दिसला तर ती मारामारीची जखम समजू नका. क्रोमिसांत युरोनिमा नावाचा परजीवी रोग नेहमीचा आहे. तो मासा त्याच दिवशी वेगळा काढा. आणि संख्या भरून काढायला नवे क्रोमिस आणू नका.

जो रातोरात गायब झाला त्याचा आळही टँगवर घेऊ नका. टँग मासे खात नाही. मेलेला क्रोमिस खेकडे आणि दगडातले काटेरी किडे सकाळपर्यंत साफ करतात, काटाही उरत नाही. ओव्हरफ्लोच्या खाली आणि टाकीच्या मागे जमिनीवर एकदा बघून घ्या. माझ्या स्वतःच्या टाकीत एका पावसाळ्यात चार मासे असेच गेले. मी सगळा दोष 'मरून' नावाच्या, गडद लाल जातीच्या क्लाउनवर टाकला, कारण तो दिवसा सगळ्यांना दटावायचा. त्याला देऊन टाकला. पुढच्या आठवड्यात पाचवा गेला. मग एका रात्री सगळं बंद करून अंधारात बसलो तर दगडातून कोणी नखाने काचेवर टिचकी मारावी तसा आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. लाइव्ह रॉकमधून, म्हणजे जीवजंतूंसकट आणलेल्या दगडांतून, बोटाएवढी शिकारी मँटिस कोळंबी आली होती, आणि बिळातच मोठी झाली होती. कोलंबीचा तुकडा घातलेल्या बाटलीच्या सापळ्यात ती अकराव्या रात्री सापडली. तो 'मरून' क्लाउन ज्याला दिला त्याच्याकडे मी परत मागायला गेलो नाही, तोंडच नव्हतं. तुमच्याकडेही एक रात्र दिवे मालवून कान देऊन बसा, लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन. लाल उजेडाने मासे बिथरत नाहीत.

फायरफिशची मला सगळ्यात काळजी वाटते. त्याला एक बीळ लागतं, धोका दिसला की डोक्याने आत शिरायला. तुम्ही सरकवलेल्या दोन दगडांपैकी एकाखाली ते होतं, पैजेवर सांगतो. बीळ गेलं म्हणून तो ओव्हरफ्लोमागे आहे, आणि तिथून पुढची उडी बहुतेक वेळा टाकीबाहेर असते. या जातीचे मासे आजाराने मरतात त्यापेक्षा जास्त फरशीवर मरतात. वरून बारीक जाळी लावा, कुठेही बोटभर फट सोडू नका. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचा चार बोटं लांब तुकडा त्याच्या सध्याच्या जागेजवळ, वाळूत अर्धा गाडून ठेवा. आत शिरला की हळूहळू, दिवसाला वीतभर, मूळ जागेकडे सरकवा. तीन दिवस तो काहीच खात नसेल तर मात्र वरचा नियम मोडून त्याला बाहेर काढा, स्पंज फिल्टरच्या छोट्या टाकीत ठेवा, आणि टँग आत बंद असतानाच परत सोडा.

राहिला परत देण्याचा प्रश्न. आज नको, आत्ता पकडापकडीत त्याचेच हाल होतील. पण खरं सांगायचं तर पावडर ब्लू ४ फुटी टाकीचा मासा नाही. पूर्ण वाढला की वीतभर होतो, दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो, त्याला किमान ६ फूट हवेत. 'चालेल हो' म्हणून तुम्हाला तो विकला गेला, हे आपल्याकडे रोजचंच आहे. आता तो निवळला तरी वर्षभरात, अजून थोडा वाढला की, पुन्हा हेच होणार. दोन-तीन महिन्यांत मोठी टाकी असलेला कोणी शोधा. तोवर टाकीत एकही नवा मासा नको. आणि कंटाळून त्याला खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. तो तिथे मरेल हे एक, आणि पाळीव टाकीतले रोग बाहेर जातील हे दुसरं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला, तोही लोकांनी टाक्यांतून सोडलेल्यांपैकीच असावा असं मानतात. आज तिकडच्या समुद्रात त्यांनी उच्छाद मांडलाय.

पुढच्या गणपतीला गावी जाल तेव्हा साफसफाई जायच्या पंधरा दिवस आधी उरका आणि दगडांना हात लावू नका. काकूंना दाण्यांचा डबा देऊ नका. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी मिळते ना, वारांची नावं असलेली? त्यात रोजचे दाणे मोजून भरा. नोरीचे तुकडे कापून वेगळ्या पाकिटात ठेवा, आणि क्लिप कशी लावायची ते काकूंना एकदा समोर उभं राहून दाखवा.

फायरफिशच्या वरची जाळी मात्र आजच, दिवे मालवायच्या आत.